हॉट टबातलं उटणं

भाऊबीजेच्या सकाळी मी अंगभर तिळाचं तेल आणि उटणं चोपडून बहिणीच्या नव्याकोऱ्या हॉट टबमध्ये जाऊन बसलो. वर डोक्यावर शिकेकाई-रिठ्याचं पाणी ओतलं आणि बुडबुड्यांचं बटण दाबलं.

मला कुणी फसवलं नव्हतं. पाय घसरून पडलो, असंही सांगता येत नाही. लाकडी पायऱ्या चढून, पंचा सावरून, मी चांगला सावकाश बसलो. टबाशेजारी पाटी होती. ‘टबमध्ये उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुऊन घ्यावे. तेल, साबण व तत्सम पदार्थ लावून उतरू नये.’ हा मजकूर माझाच. ‘तत्सम’ सुचला तेव्हा मी स्वतःवर एवढा खूश झालो होतो की पेंटरला चहा पाजला होता. उटणं हा तत्सम पदार्थ आहे, हे मात्र त्यात बसल्यावरही माझ्या ध्यानात आलं नाही.

मुळात हा टबच माझ्या डोक्यातून निघालेला. बहिणीचं सासर जिंतूरच्या पुढं, येलदरी धरणाच्या पाण्याच्या कडेला. घरामागं उतरता, खडकाळ तुकडा आहे. त्यात कुसळाशिवाय काही येत नाही, पण तिथून पाणी मात्र असं दिसतं की येणारा माणूस गाडी थांबवून फोटो काढतोच. असे थांबलेले लोक बहिणीकडं भाकरी मागायचे, पिठलं मागायचे, मग विचारायचे, इथं राहायची सोय आहे का? वर्षानुवर्षं ‘न्हाई’ म्हणून ती कंटाळली आणि एक दिवस तिनं सोय करायचं ठरवलं. दोन कॉटेजेस बांधली. पत्र्याचं छप्पर, वर गवताची शाकारणी, पुढं लाकडी ओटा. तिला ओट्यावर एक झोपाळा लावायचा होता. बास, एवढंच.

मी परभणीत राहतो. उभी हयात शाळेत भूगोल शिकवला आणि आता निवृत्त होऊन नातेवाइकांना सल्ले देतो. त्या सुमारास फोनवर मला एक चित्रफीत आली होती. कुठल्याशा परदेशी तळ्याकाठी बर्फ पडतोय आणि एक जोडपं लाकडी ओट्यावरच्या गरम टबात गळ्याइतकं बुडून हसतंय. मी बहिणीला फोन केला. म्हटलं, “झोपाळा काय कुणाच्याही घरी असतो. तू हॉट टब बसव.”

आता परभणी जिल्ह्याचा उन्हाळा काय चीज आहे, हे मी पोरांना वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. होळी झाली की गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटके देतं. दुपारी नळ सोडला तर नुसती पत्ती टाकली की चहा होईल. अशा मुलखात लोक प्रवास करून येतील आणि गरम पाण्यात बसतील, ही कल्पना भूगोलाच्या मास्तरालाच सुचावी! बहीण बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून वाढलेली. तिनं झोपाळा रद्द केला.

तिच्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांच्या वडिलांचं चांगलं काळं रान धरणात गेलेलं. आबा त्या पाण्याकडं कौतुकानं कधीच बघत नाहीत. “आमचं रान हाय त्याच्या बुडाशी,” एवढंच म्हणतात. त्यात आता लोक त्याच पाण्याकडं बघत बसायला येणार, आणि बघताना स्वतःही पाण्यात बसणार, हे ऐकून त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं होतं. मग सुनेला म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघतो. पाव्हणे आले, राहिले, खुशीत गेले तर तुजं खरं. न्हाईतर त्या खोल्यात सोयाबीन भरायची. मला जागा पायजेच हाय.”

ही काही तोंडदेखली धमकी नव्हती. सोयाबीनची पोती घराच्या बाजूला ताडपत्रीखाली रचलेली होती आणि आबा दिवसभर त्या थप्पीवर बसून कॉटेजेसकडं बघायचे. त्यांना फक्त दारं उघडी मिळायचा अवकाश होता. बहिणीनं उन्हाळाभर स्वतः विटा वाहिल्या होत्या, भिंती सारवल्या होत्या, गावातल्या बायकांच्या चेष्टा ऐकून घेतल्या होत्या. पहिले पाहुणे पुण्याचे, दोन निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या बायका, नेमके भाऊबीजेच्या दुपारी येणार होते.

आणि सकाळी मी आलो.

आमच्याकडं भाऊबीजेला बहीण भावाला पाटावर बसवते, तेल-उटणं लावते, कडक पाण्यानं न्हाऊ घालते आणि मग ओवाळते. पोट सुटलेला, टक्कल पडलेला भाऊ अंगणात पंचा नेसून पाटावर बसलेला काही देखणा दिसत नाही, पण रीत ती रीत. बहिणीनं उटणं घरी दळलेलं होतं, जाडसर, कचोरा-आंबेहळद घातलेलं. ते तिनं असं रगडून लावलं की लहानपणच्या सगळ्या भांडणांचा हिशेब त्यात चुकता झाला. शिकेकाई-रिठ्याचं काढलेलं पाणी गंजात भरून पाटाशेजारी ठेवलं आणि ती पाणी आणायला आत गेली. आत बंब रिकामा. दाजी, म्हणजे तिचा नवरा, सगळं पाणी संपवून, भांग पाडून, बाहेर येऊन माझ्याकडं बघून हसत होता.

“थांबा दादा, परत पेटवायलोय बंब,” म्हणाला. “इकत्यात तापतंय.”

धरणाच्या पाण्यावरून गार वारं येत होतं. अंगावरचं उटणं वाळून वैशाखातल्या शेतासारखं भेगाळायला लागलं. हात वाकवला की कोपराला खपली उडायची. आणि समोर, कॉटेजच्या ओट्यावर, पाहुण्यांसाठी पहाटेपासून तापत ठेवलेला टब वाफा सोडत होता. बायको तिच्या भावांकडं गेलेली, त्यामुळं मला आवरायला कुणी नव्हतं. मी विचार केला, एवढं पाणी आयतं तापलंय, दुपारपर्यंत ते करायचं काय? आणि उद्घाटन म्हटलं तर घरच्या माणसाच्याच हातून झालेलं बरं. शिकेकाईचा गंज उचलला आणि निघालो.

पहिला काही वेळ मी परदेशी जोडप्यासारखा हसत होतो, हे कबूल करतो. मग फेस आला. रिठ्याला नुसतं हातानं हलवलं तरी फेस येतो. इथं चारी बाजूंनी हवेचे झोत. पिवळट फेस माझ्या छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला, ओट्यावर उतरला आणि पायऱ्या उतरून अंगणाकडं निघाला. खाली मोटर घुरघुरली, मग कण्हली, मग गप्प झाली. जळक्या रबराचा वास आला. त्यात कचोऱ्याचाही वास मिसळल्यामुळं एखाद्या यज्ञात काहीतरी भलतंच पडल्यासारखं वाटत होतं.

बहीण गरम पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. पाट रिकामा पाहिला. फेसाचा माग काढत ओट्यापाशी आली आणि बादली खाली ठेवली.

“दादा,” म्हणाली, “तू त्यात काय करायलास?”

मी म्हटलं, “बघत होतो, नीट चालतंय का.”

“चालतंय का?”

“चालत होतं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ घरात गेली आणि ओवाळणीचं ताट घेऊन आली. मी फेसातून उठायला लागलो तर म्हणाली, “बस तसाच. ओवाळल्याबिगर तुला शिव्या देता येत न्हाईत, म्हणून आदी ओवाळून घेते.” मग माझ्या उटण्यानं पिवळ्या कपाळाला तिनं कुंकू लावलं, त्यावर तांदूळ चिकटवले, निरांजन फिरवलं, सुपारी फिरवली. माझ्यासाठी उदंड आयुष्य मागितलं. ताट बाजूला ठेवलं. आणि मग जे काही म्हणाली, त्यातलं एक अक्षरही मी इथं लिहिणार नाही. आमच्या आईची भाषा तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे, एवढं मात्र त्या दिवशी मला कळलं.

दाजीनं खाली जाऊन मोटर उघडली. जाळीतून त्यानं उटण्याचा एक गोल, जाड, चांगला भाजायच्या लायकीचा रोडगा काढून मला दाखवला. मोटर जळाली होती. मोटर नाही म्हणजे पाणी फिरत नाही, आणि फिरत नाही म्हणजे तापत नाही. पुण्याच्या दुकानाला फोन लावला, तर तिथं रेकॉर्ड केलेली एक बाई दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा देऊन फोन ठेवत होती. पुनःपुन्हा लावला. पुनःपुन्हा शुभेच्छा मिळाल्या.

आबा थप्पीवरून सगळं बघत होते. त्यांनी गड्याला हाक मारून ताडपत्रीच्या दोऱ्या ढिल्या करायला सांगितल्या. नुसत्या ढिल्या. तेवढ्यानंच बहिणीचा चेहरा पडला.

तिनं पदर खोचला. लग्नकार्यातली दोन मोठी पातेली काढली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. टब रिकामा करून घासायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. तेल लागलेला फायबरचा टब आतून घासणं म्हणजे काय, ते घासल्याबिगर कळायचं नाही. मी तीनदा आतच बसलो, उभं राहायला गेलो की बसायचो. दुपारपर्यंत पाणी तापवून, वाहून, टब भरला. वाफा यायला लागल्या. प्रश्न राहिला बुडबुड्यांचा.

“जाहिरातीत बुडबुडे हायेत,” बहीण म्हणाली. जाहिरात कुणी लिहिली होती, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दाजी ठिबकच्या नळीचं एक वेटोळं घेऊन आला. टबाच्या तळाशी कडेनं ती नळी बसवली, सुईनं भोकं वाढवली, दुसरं टोक ओट्याच्या फटीतून खाली सोडलं आणि त्याला मोटारसायकलच्या चाकात हवा भरायचा पायपंप जोडला. ओटा उतारावर असल्यामुळं खाली माणूस वाकून बसेल एवढी जागा होती.

“आता पंपावर कोण बसायचं?” मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

पाहुणे वेळेवर आले. बायकांनी टब बघितला, “हे आपलं काम नव्हे गं,” म्हणाल्या आणि शाली पांघरून पाण्याच्या कडेला जाऊन बसल्या. दोघे गृहस्थ, एक अंगानं आडवा, एक काटकुळा, लांब चड्ड्या घालून टबात उतरले. दिवस मावळतीला लागला होता. पाण्यावर तांबूस उजेड पसरलेला, असं म्हणतात. मला दिसत नव्हता. मी ओट्याखाली एका कोंबडीसमोर बसून पंप मारत होतो. पाय मारला की वर थोडे बुडबुडे, पाय उचलला की शांतता. म्हैस डुंबताना मधूनमधून श्वास सोडते, तसं ते वरून वाटत असावं.

“हे प्रेशर मधेच का जातं हो, ताई?” आडव्यांनी विचारलं.

“ते हलक्या मोडवर ठिवलंय,” बहीण म्हणाली. “लाईट कमी लागती.”

“वा! इकडं हे फार चांगलं. साधेपणा आहे.”

मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. काटकुळे म्हणाले, “मराठवाड्यात पाण्याची फारच टंचाई असते म्हणे.”

“फार,” आडवे म्हणाले आणि आणखी खाली सरकले. थोडं पाणी उसळून फटीतून माझ्या टकलावर पडलं. “लोकांना जाणीवच नाही. पाणी जपून वापरायला शिकलं पाहिजे.”

“माणसं मात्र साधी. कष्टाळू.”

“कष्टाळू,” आडव्यांनी दुजोरा दिला, आणि मी आणखी जोरात पंप मारला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी अभिमान वाटत होता. परभणी जिल्ह्याच्या कष्टाळूपणाची सगळी भिस्त माझ्या उजव्या पायावर होती.

पण त्या पायालाच गोळा आला. पोटरी अशी आवळली की मी तोंडावर हात दाबला. कोंबडी उठून उभी राहिली. दुसऱ्या पायानं एकदा मारून बघितलं, तोल गेला, डोकं तुळईवर आपटलं, आणि मी “आई गं!” म्हणून ओरडलो.

वर पाणी डचमळलं.

“मोटर ओरडली का हो?” काटकुळे म्हणाले.

“मराठीत?” आडवे म्हणाले.

मग दोन फळ्यांच्या फटीत एक डोळा दिसला. मी त्या डोळ्याला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

“अहो, खाली माणूस आहे! पंप घेऊन बसलाय!”

त्यांच्या बायका धावत आल्या. दाजी कुठं दिसेना. बहीण ओट्यावर आली, आणि पलीकडं आबा थप्पीवरून उठून उभे राहिले. गडी ताडपत्रीच्या दोरीला हात घालून थांबला. मी खालून रांगत बाहेर आलो. डोक्याला टेंगूळ, कपाळावर सकाळचं कुंकू, त्यात तांदूळ. आता बहीण काय थाप मारते ते बघत राहिलो. शंभर थापा माझ्याकडं तयार होत्या, मी तोंड उघडलंही.

“तू गप्प,” ती म्हणाली. मग पाहुण्यांकडं वळली. “हा माझा भाऊ. आज सकाळी उटणं लावून यात बसला आन् मोटर जाळली. तुमाला कमी पडू नये म्हणून आमी हे सोंग केलं. पाणी बदललेलं हाय, टब घासलेला हाय. पाणी चुलीवर तापवलंय. तुमाला परत जायचं असंल तर मी अडवणार न्हाई.”

हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते.

पहिल्यांदा आडव्यांच्या बायकोला हसू फुटलं. आधी शालीत तोंड लपवून, मग शाल सोडून, मग खालीच बसून. “उटणं लावून!” म्हणाली. “अहो, तुम्ही तर घरी साधा पंखा लावायलाही उठत नाही, आणि हे बघा, पायानं टब चालवतायत!” मग दुसऱ्या बाई हसल्या, मग दोघे गृहस्थ. त्यांच्या हसण्यानं टबात जेवढे बुडबुडे आले, तेवढे मी तासभर पंप मारून काढले नव्हते.

काटकुळे डोळे पुसत म्हणाले, “ताई, खरं सांगू? ते बुडबुडे नुसत्या गुदगुल्या करत होते. यांना वर बोलवा. एक बादली गरम पाणी मात्र आणखी टाका.”

ते ठरल्याप्रमाणं राहिले. टबात पुन्हा कुणी फिरकलं नाही. दिवसभर पाण्याच्या कडेला बसले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, बहिणीकडून गावाच्या गोष्टी ऐकल्या. आबांच्या रानाची गोष्टही ऐकली. आडवे गृहस्थ आबांशेजारी पोत्यांवर बसून, रान नेमकं कुठं होतं, ते बोटानं दाखवायला लावत होते. निघताना बायकांनी हुरड्याच्या दिवसांत सगळा मैत्रिणींचा गट घेऊन येतो म्हणून सांगितलं. “टब नसला तरी चालेल,” एक म्हणाली, आणि दुसरी घाईनं म्हणाली, “नसलेलाच बरा. तिथं एखादा झोपाळा टाका की!”

बहिणीनं माझ्याकडं बघितलं नाही. ही मेहेरबानी मी विसरणार नाही.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही सगळे अंगणात उभे. आबांनी पोत्यांच्या थप्पीवर हात फिरवला, कॉटेजेसकडं पाहिलं, मग पाण्याकडं पाहिलं. “सोयाबीन उद्याच्याला मोंढ्यावर नेऊन घाला,” दाजीला म्हणाले. “मिळंल त्या भावानं जाऊ दे. खामखा इथं दवानं भिजायलीय.”

पोती अजून जागच्या जागी असताना बहिणीनं ताडपत्री ओढून काढली आणि एकटीच तिच्या घड्या घालत बसली. इतक्या काटेकोर घड्या की जणू ती पैठणीच होती.

मला वाटलं, आता वातावरण चांगलं झालंय. म्हटलं, “आबा, माझ्या डोक्यात एक आलंय. उन्हाळ्यात गिऱ्हाईक टिकवायचं तर पाण्यावर तरंगती खोली—”

आबांनी मला मधेच थांबवलं नाही. शांतपणे वाक्य अर्धं होऊ दिलं, मग सुनेकडं वळून म्हणाले, “टबाच्या मोटारीचं सामान पुण्याहून यील. तुज्या भावाच्या डोक्याचं सामान मातर कंपनीनं कवाच बंद केलंय.”